‘सर्व्हर ओके आहे’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार. दोन तारे देताना तुम्ही लिहिलंय की बिलांचे मेल ३ दिवस ग्राहकांना मिळाले नाहीत, फोन केला तर तुमचा सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या सपोर्टच्या मुलाने ‘सर्व्हर ओके आहे’ म्हणून विषय संपवला, आणि वर व्हिजिटचे पैसे लावले. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पैशांचं शेवटी लिहितो.

तुमच्या पोस्टफिक्समध्ये (सर्व्हरवरून मेल पाठवणारा प्रोग्राम) दोन वाटा आहेत. ऑफिसचे रोजचे मेल सर्व्हरवरून थेट जातात. बिलांच्या पत्त्यावरून निघालेले वेगळ्या रिलेकडे, म्हणजे मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरकडे, वळतात, कारण महिनाअखेरीला गठ्ठ्याने बिलं निघतात आणि त्यांच्यावर डीकेआयएमची सही (मेल खरंच तुमच्याकडून आल्याची डिजिटल खूण) तो रिलेच करतो. तुमचा फोन आल्यावर मुलाने बिलांचा पत्ता घालून, कुठला पत्ता कुठल्या वाटेने जातो त्या तक्त्याला विचारलं, तक्त्याने बरोबर रिले सांगितला. तक्ता ओकेच होता हो. पण तपासायचा होता तो निघालेला मेल, आणि तो त्याने बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः लॉग, म्हणजे सर्व्हरची मेलची नोंदवही, उघडला. बिलाच्या ओळीत ‘फ्रॉम’पुढे बिलांचा पत्ता नव्हताच! मेलला दोन पत्ते असतात, एक आतल्या कागदावरचा आणि एक पाकिटावरचा. ग्राहकाला आतला दिसतो, पोस्टफिक्स वाट ठरवताना पाकिटावरचा बघतं. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटनंतर पाकिटावर सर्व्हरवरच्या त्या प्रोग्रामच्या खात्याचं नाव पडायला लागलं होतं. त्यामुळे बिलांच्या पत्त्याची अट लागली नाही आणि बिलं साध्या वाटेने निघाली. सही नाही, सर्व्हरच्या त्या नावाला एसपीएफची नोंदही (त्या नावाने मेल कुठून पाठवायला परवानगी आहे ती यादी) नाही. जीमेलने ‘५५० ५.७.२६’, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही, असं म्हणत दारातूनच परत धाडली.

तुम्ही ‘मेल गायब केले’ असंही लिहिलंय, ते मात्र मला मान्य नाही. मेल परत आल्याची सूचनाही पाकिटावरच्याच पत्त्यावर येते, म्हणजे इथे कुणी माणूस कधीच उघडत नाही अशा खात्यात. सगळ्या सूचना तिथे साचल्या होत्या. त्यांवरूनच यादी काढून दिली आणि तुमच्या अकाउंट्समधल्या ताईंनी त्याच संध्याकाळी बिलं पुन्हा पाठवली.

आता पाकिटावरचा पत्ता वाट ठरण्याआधीच दुरुस्त करणारा नियम सर्व्हरवर घातलाय. त्या खात्यातले मेल आमच्या सपोर्टकडे वळवलेत. आणि मुलाला सांगितलंय, आधी एक खरं बिल पाठवून लॉगमध्ये रिले वाचायचा, मग ओके म्हणायचं. बाकी ‘सर्व्हरच बदला’ असं कुणी सांगत असेल तर घाई करू नका. नव्या सर्व्हरवरही हे असंच झालं असतं.

व्हिजिटचं. बाहेरच्या सॉफ्टवेअरमुळे आलेला बिघाड आपल्या करारात बसत नाही, म्हणून ऑफिसने चार्ज लावला. पण पहिल्या फोनलाच लॉग बघितला असता तर कुणाला यावंच लागलं नसतं. ती रक्कम पुढच्या बिलातून वजा करतोय. पुढचं अपडेट असेल तेव्हा आदल्या दिवशी एक फोन टाका, आमचा माणूस लॉग उघडून बसेल.