हाईड पार्क राहू दे, किल्ली कुणाकडे ते सांगा

महालक्ष्मी रेसकोर्सचा विषय निघाला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास मला टॅग करतं, की अगं तू लंडनला राहतेस ना, सांग यांना हाईड पार्क म्हणजे काय असतं ते. अपेक्षा अशी की मी बदकांचे नि फुलांचे दोन फोटो टाकायचे आणि मग सगळ्यांनी उसासे सोडायचे. विषय थोडक्यात असा की रेसकोर्स साधारण २११ एकरांचा, लीज २०१३ मध्येच संपलेली, २०२४ मध्ये ठरलं की १२० एकर पार्कसाठी घ्यायचे, ९१ एकर रेस चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे ठेवायचे, आणि कोस्टल रोडच्या भरावावरची १७५ एकर जागा जोडून 'मुंबई सेंट्रल पार्क' करायचं. एक गट म्हणतो घोड्यांपेक्षा माणसांना जागा द्या, यात काय चूक आहे. दुसरा म्हणतो आधी थीम पार्क म्हणत होते, आता सेंट्रल पार्क म्हणतायत, जमिनीखाली पार्किंग काढणार, उद्या अजून काय काढतील देव जाणे. मी दुसऱ्या गटात, आणि तेही लंडनमध्ये राहूनच झालेय.

कारण इथल्या बागा काही कुणी शहाण्या माणसाने प्लॅन काढून लोकांना भेट दिलेल्या नाहीत. हाईड पार्क म्हणजे आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये मठाकडून घेतलेलं शिकारीचं रान, ते पहिल्या चार्ल्सने १६३७ मध्ये लोकांना उघडून दिलं, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच राजाने लंडनजवळच्या रिचमंडला हजारो एकर रान भिंत घालून स्वतःच्या हरणांसाठी बंद केलं, त्यात आजूबाजूच्या लोकांच्या जमिनीही गेल्या. म्हणजे राजाच्या मर्जीवर सगळं. लोक खवळले म्हणून जाण्यायेण्याच्या वाटा तेवढ्या ठेवल्या.

पुढे १७५१ मध्ये दुसऱ्या जॉर्जची मुलगी अमेलिया या रिचमंडच्या पार्कची रेंजर, म्हणजे देखरेख करणारी, झाली आणि तिने सरळ दारं बंद केली, पास असेल त्यालाच आत सोडायचं. जॉन लुईस नावाचा एक बिअर बनवणारा होता, त्याला दारावर अडवलं, तो कोर्टात गेला, आणि १७५८ मध्ये राजघराण्याविरुद्ध केस जिंकला. जज्जाने विचारलं म्हणे, दार पाहिजे का भिंतीवर शिडी? तो म्हणाला शिडी द्या, कारण दार हरणांसाठी बंदच ठेवावं लागणार आणि बंद दाराला आतून कडी घालता येते. मग पार्कवाल्यांनी काय करावं, शिडीच्या पायऱ्यांमध्ये एवढं अंतर ठेवलं की म्हाताऱ्यांना नि पोरांना चढताच येईना! तो परत कोर्टात गेला आणि शिडी नीट करून घेतली. हा माणूस मला फार आवडतो. सुशोभीकरण, कारंजी, सेल्फी पॉइंट असलं काहीही त्याने मागितलं नाही, आत जाण्याचा हक्क मागितला आणि तो कडी घालून काढून घेता येणार नाही अशा रूपात मागितला.

उत्तर लंडनमधल्या हॅम्पस्टेड हीथ या मोकळ्या रानाची गोष्टही तशीच. मालकाला तिथे घरं बांधायची होती, १८२९ पासून तो पार्लमेंटकडे परवानगी मागत राहिला, लोक आडवे येत राहिले, शेवटी तो वारला आणि १८७१ मध्ये कायदा करून ती जागा सार्वजनिक झाली. त्या कायद्यात लिहिलंय की हीथचं नैसर्गिक रूप शक्य तितकं तसंच राखायचं. त्यामुळे आजही तिथे गवत गुडघ्यापर्यंत, पावसात चिखल, बूट खराब, आणि कुणी म्हणत नाही की जरा पेव्हर ब्लॉक टाका.

पण लंडनकर बागांच्या बाबतीत सुखी आहेत असंही नाही. पॉश भागांतल्या चौकातल्या कितीतरी बागांना आजही कुलूप असतं, किल्ली फक्त आजूबाजूच्या घरवाल्यांकडे, बाकीच्यांनी जाळीतून गुलाब बघायचे. इथल्या कौन्सिलांवर बागा सांभाळायची कायद्याने सक्ती नाही, त्यामुळे पैसे कमी पडले की पहिली कात्री बागांवर, मग उन्हाळ्यात बाग म्युझिक फेस्टिवलला भाड्याने द्यायची, आठवडेच्या आठवडे उंच पत्रे ठोकलेले. ब्रॉकवेल पार्कच्या रहिवाशांनी यावर कोर्टात केस केली आणि २०२५ मध्ये जिंकलेसुद्धा, तरी फेस्टिवल झालेच. विम्बल्डनला टेनिसवाल्यांना जुन्या गोल्फ कोर्सवर ३८ कोर्टं आणि ८ हजार खुर्च्यांचं स्टेडियम पाहिजे, तिथेही वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या. थोडक्यात काय, आपण ज्यांचे फोटो फॉरवर्ड करतो ते लोकही रोज भांडतच असतात.

आता आपल्याकडे बघा. राणीच्या बागेचं तिकीट पेंग्विन आले आणि २०१७ मध्ये ५ रुपयांचं ५० झालं, चौघांच्या कुटुंबाला १००. परवडतं ना, असं ग्रुपवरच्या एकाने लिहिलं होतं. अरे, तुला परवडतं! भायखळ्याच्या चाळीतली बाई पूर्वी कंटाळा आला म्हणून पोरांना घेऊन झाडाखाली बसायला जायची, तिला हे रोज कसं जमणार? पेंग्विन कुणी मागितले होते मला माहीत नाही, तिने तरी नक्कीच नाही. शिवाय कितीतरी बागा भर दुपारी बंद, म्हणजे सावलीची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच, आणि आत गेलात तर हिरवळीवर बसू नये अशी पाटी.

याउलट शिवाजी पार्क. १९२५ पासून तिथे क्रिकेट, सभा, मेळावे, प्रेमप्रकरणं, रिटायर्ड लोकांचं राजकारण सगळं चालू आहे, आणि भोवती कट्टा आहे ज्यावर बसता येतं. धूळ उडते हे मान्य, तिथल्या लोकांनी त्यावर केलेली तक्रारही रास्त आहे. पण एकाच मैदानावर शेजारी शेजारी इतक्या मॅच चालल्यात, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचवर उभा, कुणी कुणाला हाकलत नाही, हे मी लंडनमध्ये कुठेच बघितलेलं नाही. मॉडेलच पाहिजे असेल तर दादरला जा ना, हाईड पार्क कशाला. त्या हाईड पार्कात तर लोक आजही हक्काने नाही, राजगादीच्या परवानगीनेच जातात.

रेसकोर्सवर आजही लोक सकाळी चालायला येतात, पैसे पडत नाहीत, पण ती क्लबची मेहेरबानी आहे. पार्क झाल्यावर तो हक्क होणार की मेहेरबानीच राहणार, फक्त करणारा बदलणार, एवढंच मला कळायला पाहिजे. तिकीट कधीही लागणार नाही हे लेखी देणार का? पार्किंगचं छत म्हणून जी माती टाकणार तिच्यात वड-पिंपळ वाढणार का नुसती लॉन? कॉन्सर्टला भाड्याने दिला तर वर्षातले किती दिवस? आणि दहा वर्षांनी कुणी तिथे कन्व्हेन्शन सेंटर काढायला निघालं तर सामान्य माणसाने कुठल्या कलमाखाली कोर्टात जायचं? याची उत्तरं प्लॅनच्या रंगीत चित्रात नसतात. ग्रुपवर हे लिहिलं तर एकजण म्हणाला, तू तिकडे बसून निगेटिव्ह बोलतेस. मग त्यालाच म्हटलं, तू तिकडेच आहेस ना, मग माहितीच्या अधिकारात रेसकोर्सचा करार मागव आणि ग्रुपवर टाक, मी वाचते.