बांध तरी सोडा की रे!

ऊस तुटला की पाचटाला, म्हणजे त्या वाळल्या पाल्याला, काडी लावायची हे कधी थांबणार? किती वर्षं सांगायचं? त्या पाचटात कोळी असतात, ढालकिडे असतात, ते उसाचा रस शोषणारी मावा कीड फुकटात खातात, तेच जाळायचे आणि परत लोकरी मावा आला म्हणून औषधाच्या दुकानात पळायचं! आणि बांधावर तणनाशक कशाला मारताय? टाकळा, कुर्डू, दगडीपाला सगळं करपवून टाकलं, मग मधमाशीनं जायचं कुठं? आमच्या कोल्हापुरात करवीर, कागल, शिरोळ कुठंही जावा, नजर पोचेल तिथवर ऊसच. सरकार पण तसलंच, उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, दरवर्षी ठरते, कारखाना माल उचलतो, मग मधमाशीला फुलं देणारी करडई, मूग लावणार कोण?

युरोपनं २०१८ ला मधमाश्यांसाठी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक उघड्या शेतात वापरायचं बंद केलं, आपल्याकडं अजून बाटल्याच्या बाटल्या खपतायत. जर्मनीत तर राखीव जागांत सुद्धा २७ वर्षांत उडणारे किडे वजनानं ७५ टक्क्यांहून जास्त कमी झाले, इथं कोण मोजतंय?

आता काजवे बघायला पोरांना गाडीत घालून राधानगरीला न्यायचं. अरे आमच्या मळ्यात, विहिरीजवळ दिसायचे की ते!