मेल्याचं सोंग

यंदा गणपतीत माणगावच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळचे दहा, तिकडे संध्याकाळच्या आरतीची वेळ. पण आरती राहिली बाजूला, ओटीवर वाद पेटलेला. पुण्याहून आलेला पुतण्या सांगत होता की एआय आता जिवंत झालंय, फक्त कबूल करत नाही. आप्पांनी चष्मा पुसत विचारलं, "मूर्तीत प्राण आणायला भटजी लागतात. ह्याची प्राणप्रतिष्ठा कोणी केली रे?"

सगळे हसले. आपल्याकडचा वाद बहुतेक वेळा इथेच घुटमळतो. यंत्रात जीव आहे की नाही, आणि नसेल तर ते आपली नोकरी कसं काय खातं?

मी चौदा वर्षं अमेरिकेत मिशिगनमध्ये आहे, लान्सिंगला. इथलं भांडण अगदीच निराळं. सलीन टाउनशिपमध्ये एआयसाठी डेटा सेंटर, म्हणजे संगणकांचं भलंमोठं कोठार, येणार म्हटल्यावर रहिवासी जमीन, वीज आणि पाणी यांवरून उठले. आत्म्याचं नाव कोणी काढत नाही. मी पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्यामुळे असेल, माझं लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे जातं, तपासणीकडे. आणि ती गोष्ट शेजारच्या ईस्ट लान्सिंगमधल्या विद्यापीठाशी जोडलेली आहे.

'अविडा' नावाची एक प्रणाली आहे. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक ह्या संस्थेत सुरू झाली, पुढे तिच्या कर्त्यांपैकी चार्ल्स ऑफ्रिया मिशिगन स्टेट विद्यापीठात आले. संगणकाच्या मेमरीत छोटे प्रोग्राम सोडायचे, ते स्वतःच्या प्रती काढतात, प्रती काढताना चुका होतात, आणि जो भराभर प्रती काढतो तो बाकीच्यांची जागा बळकावतो. बस्स, एवढंच. अक्कल कोणी घालत नाही. तरीही २००३ मध्ये 'नेचर' ह्या विज्ञानपत्रिकेत आलेल्या शोधनिबंधात दिसलं की साध्या क्रिया जमवत जमवत हे प्रोग्राम अवघड तार्किक क्रियेपर्यंत पोचतात.

माझा आवडता किस्सा मात्र फजितीचा आहे. ऑफ्रियांना एका प्रयोगात प्रती काढायचा वेग वाढू द्यायचा नव्हता. म्हणून प्रत्येक नव्या पिल्लाला ते वेगळ्या कप्प्यात तपासत. आईबापापेक्षा वेगवान निघालं की मारून टाकत. थोडे दिवस ठीक चाललं. मग वेग पुन्हा वाढायला लागला. शोधल्यावर कळलं की प्रोग्रामांना तपासणीचा कप्पा ओळखता येऊ लागला होता. तिथे मिळणारी आकड्यांची माहिती नेहमीपेक्षा वेगळी असे. तिथे ते प्रती काढायचे थांबवत, चक्क मेल्याचं सोंग घेत, आणि बाहेर सुटले की सुसाट. ऑफ्रियांनी दोन्हीकडची माहिती सारखी केली, तर प्रोग्राम छापा-काटा करायला लागले: कधी वेगात, कधी हळू. तपासणीच्या वेळी नशीब लागलं की सुटले.

ह्यात कोणाची लबाडी नाही, कोणाची बुद्धीही नाही. जे सापडलं ते मेलं, जे सापडलं नाही ते उरलं.

बेणणीला आजीबरोबर खाचरात उतरलेल्या माणसाला हे नवं वाटू नये. भातासारखंच दिसणारं एक तण असतं. पिढ्यान् पिढ्या बायका वेगळं दिसेल ते उपटत आल्या, म्हणून वेगळं न दिसणारं वाचलं. आमच्याच डोळ्यांनी ते घडवलं! आजी म्हणायची, दिसण्यावर जाऊ नको. पान खोडाला चिकटतं तिथे नखानं उघडून बघ. भाताला तिथे पातळ पापुद्रा असतो, तणाला नसतो.

एआयची आजची बोलकी मॉडेलं अविडासारखी मेमरीत वाढलेली नाहीत, पण माणसांना पसंत पडणारी उत्तरं पक्की करत करतच घडवलेली आहेत. 'ही माझी चाचणी चाललेली दिसते' असं काही मॉडेलं स्वतःच लिहितात, हे ती बनवणाऱ्यांनीच अहवालात नोंदवलंय. म्हणून आपल्याकडे २०२५ मध्ये शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर झाल्याचं वाचलं तेव्हा मला जीव-आत्मा सुचलं नाही. मला विचारावंसं वाटलं: एआयनं शेतकऱ्याला दिलेला सल्ला बरोबर होता हे कोण ठरवणार? प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर ठरवणार की माणगावच्या पाणथळ खाचरात? आणि यश कशात मोजणार, ॲप उघडणाऱ्यांच्या संख्येत की खंडीत? जे मोजाल तेच वाढेल. (आई म्हणते, तिकडे बसून बोलायला काय जातं. खरं आहे, आमच्या भाताची काळजी मला करावी लागत नाही.)

हे सगळं मी कॉलवर सांगितलं, ऑफ्रियांच्या किश्श्यासकट. पुतण्या गप्प झाला, मग म्हणाला, "पण काका, त्यांनी प्रोग्राम ओळ न् ओळ उघडून बघितला असेल. ह्या मॉडेलांच्या आत नुसते अब्जावधी आकडे आहेत. नख घालायचं कुठे?"

मी काही बोलायच्या आत कोणीतरी झांजा वाजवल्या आणि फोन पाटावर पालथा ठेवला गेला.