काय विशेष?

माझा मोठा भाऊ खारघरला राहतो. मी ठाण्यात, नौपाड्यात. ठाणे स्टेशनच्या दहा नंबरवरून पनवेल गाडी पकडली की पाऊण तासात खारघर. म्हणजे तो काही न्यू जर्सीला नाही, आणि माझी पंचाईत नेमकी तिथेच आहे. भाऊ अमेरिकेत असला की लोक हळहळतात, "फार आठवण येत असेल ना?" असं विचारतात. भाऊ ट्रान्स हार्बरवर असला आणि आठवण येते म्हटलं, की म्हणतात, "मग जा की!"

जातो की. गणपतीला जातो, पुतणीच्या वाढदिवसाला जातो. तो पाडव्याला येतो, आईला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा येतो. वर्षाला सहा-सात भेटी होतात. भांडण नाही, जमिनीचा तुकडा नाही, त्यामुळे कोर्टकचेरी नाही. तरी काहीतरी गेलंय, आणि ते काय गेलंय हे मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं.

आम्ही दोन खोल्यांत वाढलो. बाहेरच्या खोलीत रात्री एकच गादी पसरायची, त्यावर आम्ही दोघं. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याची पाठ्यपुस्तकं एका चुलतभावाकडून फिरून माझ्याकडे यायची, आणि त्यात रिकाम्या जागा आधीच भरलेल्या असायच्या. अर्ध्या चुकीच्या. मी त्याच उत्तरांवर विसंबून मार खाल्लाय, पण पुस्तकातल्या प्रत्येक थोर पुरुषाला त्याने काढलेला काळा चष्मा बघून वर्गात हसू आवरायचं नाही, हेही खरं.

1993 साली हिरो कपच्या सेमीफायनलमध्ये सचिनने शेवटची ओव्हर टाकली, आफ्रिकेला सहा हव्या होत्या आणि आपण दोन रन्सनी जिंकलो. आम्ही ती मॅच शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून पाहिली. त्यानंतर कित्येक महिने दिवे मालवल्यावर दादा अंधारात कुजबुजत कॉमेंट्री करायचा. बॅटिंगला मी. रोज रात्री मी मस्त खेळायचो आणि रोज 96 वर आऊट व्हायचो. "आज तरी शंभर होऊ दे रे," म्हटलं की पलीकडून उत्तर: "पिच खराब आहे, काय करणार." मग बाबांचा आतून खाकरा.

2005 च्या 26 जुलैला तो साकीनाक्याला ऑफिसात अडकला. फोन बंद. त्या रात्री गादीवर मी माझ्याच अर्ध्या भागात आखडून पडलो होतो. अख्खी गादी मोकळी होती, तरी त्याच्या बाजूला हात पसरायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी पवई, कांजूर, मुलुंड करत तो चालत घरी आला, पाच पोळ्या खाल्ल्या आणि झोपला. मी त्याला काही विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मग त्याला सिडकोच्या सोडतीत घर लागलं. लग्न झालेले दोन भाऊ त्या दोन खोल्यांत मावणारच नव्हते, त्यामुळे आनंदीआनंद. मी स्वतः जाऊन जांभळी नाक्यावरून पेढे आणले आणि बिल्डिंगभर वाटले. आपण कशाचे पेढे वाटतोय, हे तेव्हा कुठे कळतंय.

आता आमचा फोन असा असतो:
"काय रे, काय विशेष?"
"काही नाही. तुझं?"
"चाललंय."
"आई?"
"बरी आहे. झोपलीय."
"बरं. चल, ठेवतो."

मला वाटतं, सगळा घोळ त्या 'विशेष'मध्ये आहे. फोन करायचा तर काहीतरी विशेष लागतं. भेटायचं तर त्याहून लागतं: बारसं, मुंज, बाराव्याचं जेवण. आणि आमच्यात जे होतं त्यात विशेष असं काहीच नव्हतं. गॅलरीत पाय सोडून बसणं, मासुंदा तलावाला एक चक्कर मारून शेंगदाणे संपले की परत फिरणं, गडकरीबाहेर नाटकांचे बोर्ड वाचणं. एवढंच. सोबत घालवलेला निव्वळ फालतू वेळ. तो फोनवर पाठवता येत नाही. व्हिडिओ कॉलवर तर दोन माणसं गप्प बसली की नेटवर्क गेलं असंच वाटतं.

बहीण-भावाला निदान राखी आहे, भाऊबीज आहे. दोन भावांसाठी आपल्याकडे एक सण नाही. भाषेनेही दिलं काय, तर 'भाऊबंदकी'. भाऊ भाऊ एकत्र आले की भांडणारच, याची खात्री असल्यासारखा शब्द. तुकोबा गेल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने, कान्होबांनी, थेट विठ्ठलाशी भांडण काढलं, माझा भाऊ परत दे म्हणून. ते अभंग गाथेत आहेत. पण ते तुकोबांचे भाऊ, आणि त्यांचा भाऊ खरोखरच गेलेला. माझा तर जिवंत आहे, सुखात आहे, हप्ते वेळेवर भरतोय. मी कोणाशी भांडू, मध्य रेल्वेशी? 2024 ला तिने आमच्या मध्ये दिघा गाव हे आणखी एक स्टेशन टाकलं, एवढीच काय ती तक्रार.

आणि कृपा करून "बायका आल्या की भाऊ तुटतात" हे कोणी इथे लिहू नका. आमचं जे काही शिल्लक आहे ते त्या दोघींमुळेच. दादाची शुगर वाढल्याचं मला माझ्या बायकोकडून कळलं, तिला वहिनीने सांगितलं होतं. त्या रोज बोलतात. शुगरचं मला स्वतः का सांगितलं नाहीस, असं मी दादाला विचारलं, तर म्हणाला, "त्यात काय विशेष?"

तर गेल्या रविवारी मी काही कारण नसताना खारघरला गेलो. फोन न करता. दादाने दार उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.
"काय झालं? आई बरी आहे ना?"
"बरी आहे."
"पैसे हवेत का?"
"नाही रे. सहज आलो."

सहज म्हणजे काय हे त्याला बराच वेळ पटेना. दोनदा माझ्याकडे निरखून बघितलं. मग टीव्हीवर कुठलीतरी रटाळ मॅच लावली, स्वतः सोफ्यावर आडवा झाला, मी खाली उशी घेऊन लवंडलो. वहिनीने चहा ठेवला, तो तिथेच निवला. थोड्या वेळाने त्याचा पाय सोफ्यावरून घसरून माझ्या खांद्यावर आला. मी हलवला नाही.

आत वहिनी माझ्या बायकोला फोनवर दबक्या आवाजात विचारत होती, "अगं, हे दोघं भांडलेत का? दोन तास झाले, एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीयेत."