रुमाल जवळ ठेवा

अभिनंदन! लैंगिक अत्याचार सोसलेल्यांची जाहीर साक्ष घेणाऱ्या समितीचे तुम्ही अध्यक्ष झालात. घाबरू नका. थोडं कौशल्य दाखवलंत तर अशा सुनावणीतून कायदा होण्याची भीती फारशी उरत नाही.

आधी वेळेचं बघा. बालपणी झालेल्या अत्याचाराबद्दल तोंड उघडायला माणसाला अर्धं आयुष्य लागतं. संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनपुढे आलेल्यांना सरासरी जवळपास २४ वर्षं लागली होती. तुम्ही पाच मिनिटं द्या, आणि चौथ्या मिनिटाला घड्याळाकडे बघा. (त्या कमिशनचा कित्ता मात्र चुकूनही गिरवू नका. आठ हजारांहून अधिक जणांना एकेकटं, बंद दाराआड, शांतपणे ऐकत बसले! २०१८ मध्ये पंतप्रधानांना संसदेत माफी मागावी लागली, ती त्यामुळेच.)

साक्षीदार शक्यतो एकच बोलवा. १९९१ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीतले चौदा सदस्य, चौदाही पुरुष, न्यायाधीशपदाच्या उमेदवारावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल यांना प्रश्नांवर प्रश्न विचारत होते. दुजोरा देऊ शकेल अशी आणखी एक स्त्री साक्षीला तयार होती. तिला समितीपुढे बोलू दिलंच नाही. मग 'हिचं एकटीचंच म्हणणं' असं म्हणायला आपण मोकळे. आरोप नाकारणारे उमेदवार ५२ विरुद्ध ४८ मतांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

साक्षीदार रडली तर रडू द्या, कॅमेऱ्यांना तेच हवं असतं. पण डोळे पुसून तिने पर्समधून कागद काढला आणि 'दावा करायची मुदत वाढवा' म्हणाली, की तिथेच थांबवा. दुःख सांगणं तिचं काम. कलमं तांत्रिक असतात, ती तुम्ही बघाल. न्यूयॉर्कमध्ये इथेच गाफीलपणा नडला. कॅथलिक चर्च आणि विमा कंपन्यांनी मुदत वाढवणाऱ्या विधेयकाचं घोंगडं दहा-बारा वर्षं उत्तम भिजत ठेवलं होतं. पण अत्याचार सोसलेली ही चिवट मंडळी दरवर्षी विधिमंडळाच्या दारात हजर! अखेर २०१९ मध्ये दिवाणी दाव्याची वयोमर्यादा ५५ वर गेली, मुदत संपलेल्यांनाही दार उघडलं, आणि दोन वर्षांत दहा हजारांवर दावे दाखल झाले.

तेव्हा समारोपाला उभं राहा, 'तुमच्या धैर्याला सलाम' म्हणा, रुमाल काढा आणि विधेयक उपसमितीकडे पाठवा. उपसमितीत, ज्या संस्थेवर आरोप आहेत तिचे वकील तज्ज्ञ म्हणून घ्यायला विसरू नका. या विषयाचा त्यांच्याइतका दांडगा अनुभव कुणाला असणार?