जहाजाची लाकडं, डांबर आणि सिमेंट: इंग्लंडच्या लाकडी घरांबद्दल काहीही पसरवू नका

'इंग्लंडमधली ५०० वर्षांची लाकडी चौकटीची घरं मोडलेल्या जहाजांच्या लाकडांची आहेत, डांबर फासल्यामुळे टिकली. आता भेगा सिमेंटने बुजवल्या की पुढची १०० वर्षं बघायला नको.' हा संदेश फिरत फिरत केंटमध्ये तसंच घर घेतलेल्या माझ्या भाच्यापर्यंत पोचला आणि तो सिमेंट आणायला निघाला. म्हणून लिहावं लागतंय.

आधी सिमेंट, कारण खरं नुकसान तिथे आहे. या घरांचा भार ओकची चौकट पेलते. खांबांमधल्या विटा नुसत्या भरणीच्या. बऱ्याच घरांत आधी हेझलच्या काटक्यांचा कूड आणि त्यावर माती-शेण-गवताचं लिंपण होतं, विटा मागाहून आल्या. ओक दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. सिमेंट कडक, ते त्याच्याबरोबर हलत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पाऊस तिथून आत शिरतो आणि सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आयतं रान मिळतं, मागोमाग ओक पोखरणारे भुंगेरे येतात. सगळ्यात आधी कुजते ती तळाची आडवी तुळई आणि तिच्यात बसलेली खांबांची टोकं. वरून सगळं ठणठणीत दिसतं, पण स्क्रूड्रायव्हर टोचला की सरळ आत जातो.

'सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज' ही संस्था १८७७पासून जुन्या इमारतींचंच काम करते. तिचा सल्ला स्वच्छ आहे: चुना वापरा, सिमेंट नको. जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने, हाताने काढा; ग्राइंडर फिरवला की विटांच्या कडा उडतात. एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग जाडसर, धुतलेली वाळू घेऊन दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरा. काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवा, आणि पाणी गोठण्याच्या दिवसांत हे काम काढूच नका. ओकच्या अंगावरच्या लांब भेगा मात्र ओलं लाकूड वाळताना पडलेल्या असतात. बहुतेक निरुपद्रवी, त्या बुजवायच्या नाहीत. घर संरक्षित यादीत असेल तर आधी परवानगी घ्या. तिथे विनापरवाना बदल हा गुन्हा आहे.

जहाजांचं म्हणाल तर सुतार ओक ओला असतानाच घडवत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही; मग जहाजाची जुनी, वाळून कडक झालेली लाकडं कशाला घेतील? जहाजाचा पुरावा म्हणून तुळयांवरच्या ज्या रिकाम्या खाचा दाखवतात, त्या काढून टाकलेल्या लाकडांच्या, नाहीतर दुसऱ्या घरातून आणलेल्या तुळयांच्या. हँपशरमधली चेसापीक मिल आणि लंडनमधलं लिबर्टीचं दुकान खरोखर जहाजांच्या लाकडांचं आहे, एवढं मान्य. पण ती गिरणी १८२०ची आणि दुकान १९२०च्या दशकातलं.

डांबराचंही तेच. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं रूप बहुतांशी एकोणिसाव्या शतकातलं; केंटमध्ये ओक बऱ्याचदा तसाच राखाडी ठेवत किंवा त्यावरून चुना फिरवत. डांबराचा जाड थर ओल आत कोंडतो. आधीच फासलेलं असेल तर वाळूचा फवारा मारून ते काढू नका. त्यात ओकचा वरचा थर आणि त्यावर सुतारांनी कोरलेल्या जोडणीच्या खुणा कायमच्या जातात.