खुलासा: सांगलीची जागा आघाडीने जिंकलेली नाही

‘2024च्या लोकसभेत महाविकास आघाडीने 48 पैकी 31 जागा जिंकल्या’ असा मेसेज अजून फिरतोय. निकालाचा आकडा 30 आहे: काँग्रेस 13, ठाकरेंची शिवसेना 9, शरद पवारांची राष्ट्रवादी 8. महायुतीला 17.

उरलेली एक सांगलीची. जागावाटपात ती ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील. काँग्रेसचे विशाल पाटील बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या संजयकाका पाटलांना लाखभर मतांनी हरवून निवडून आले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा! विशाल पाटलांनी काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं ते निकालानंतर. पाठिंबा धरून 31 म्हणा, पण ‘जिंकल्या’ म्हणू नका; सांगलीकरांनी आघाडीचा उमेदवार नाकारून अपक्षाला मत दिलं होतं.